महाविद्यालय विकास समितीनं स्वतःच्या कामाचा आढावा कसा घ्यावा

जून लागला की महाविद्यालयाच्या ऑफिसात प्रवेशाची रांग, टीसीसाठी थांबलेली लेकरं, निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज असं सगळं एकदमच अंगावर येतं. त्या धांदलीत एक काम हमखास मागं पडतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार ३० जूनला संपणाऱ्या वर्षात महाविद्यालय विकास समितीनं (व्यवस्थापन, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर, स्थानिक सदस्य आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांची ही समिती) जे काम केलं, त्याचा अहवाल तिनं संस्थेच्या व्यवस्थापनाला आणि विद्यापीठाला द्यायचा असतो. हा अहवाल अनेकदा प्राचार्यांच्या वार्षिक अहवालातूनच उतरवला जातो. निकाल किती टक्के लागला, एनएसएसचं शिबिर कुठं झालं, कोणाला पीएच.डी. मिळाली, हे त्यात असतं. पण हे झालं महाविद्यालयाचं काम. समितीनं काय केलं ते त्यात सापडत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. समितीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांची इतिवृत्तं आणि ठराव लिहायची वही, माझ्याच कपाटात असायचं, आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून मी समितीवरही बसले. जुनी मंडळी हिला अजून एलएमसी म्हणतात, कारण १९९४ च्या कायद्यात स्थानिक व्यवस्थापन समिती होती. नाव काहीही घ्या, माझं सांगणं एवढंच की आढाव्याची सुरुवात प्रश्नावलीपासून करू नका, प्रोसिडिंग बुकापासून करा. प्रश्नावलीत माणसं एकमेकांची मनं सांभाळतात. ठराव मात्र तारखेसकट लिहिलेले असतात.

मे महिन्यात, सुट्टी लागायच्या आत, समितीतल्या दोघांकडं वर्षभराची इतिवृत्तं द्या. एक निवडून आलेला शिक्षक आणि एक बाहेरचा स्थानिक सदस्य, अशी जोडी चांगली. प्राचार्य समितीचे सदस्य-सचिव असतात, इतिवृत्तावर त्यांची सही असते, त्यामुळं हे काम त्यांच्याकडं देऊ नये. ऑफिसनं फक्त कागद काढून द्यावेत. एका आखीव वहीत डाव्या बाजूला ठराव लिहायचा आणि त्याच्यासमोर चार रकाने पाडायचे: काम कोणाकडं दिलं, कधीपर्यंत करायचं ठरलं, पैसा अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या शीर्षातून, आणि आज त्या कामाची स्थिती काय. चौथा रकाना भरताना कोणाला फोन करून विचारू नका. बिल, पत्र किंवा फोटो बघा, नाहीतर जागेवर जाऊन या.

आमच्या इथं या वहीत पहिल्यांदा उघडं पडलं ते मुलींच्या स्वच्छतागृहाचं. ‘दुरुस्ती करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले’ हा ठराव सभेमागून सभेला जवळपास त्याच शब्दांत आलेला. सूचक बदललेले, अनुमोदक बदललेले. पण कोटेशन नाही, रक्कम नाही, माणूस नाही, तारीख नाही. दर सभेत मंडळी कळकळीनं बोललेली होती, त्याबद्दल शंका नाही. इकडं आतल्या दाराला कडी नव्हती, एक मुलगी आत गेली की दुसरी दार धरून उभी राहायची, आणि खेड्यावरून सकाळच्या एसटीनं आलेल्या पोरी घरी जाईपर्यंत पाणी पीत नव्हत्या. हे ठराव एकाखाली एक लावून सभेत मोठ्यानं वाचले, तेव्हा खोलीत कोणीच कोणाला दोष दिला नाही. बांधकामातल्या एका सदस्यानं अंदाजपत्रक करून द्यायचं कबूल केलं, प्राचार्यांनी तारीख लिहून घेतली, आणि नव्या प्रवेशाच्या आधी काम झालं. तेव्हापासून आमच्याकडं ठरावाखाली नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय पुढचा विषय घेतला जात नसे.

वहीचं दुसरं टोक जास्त महत्त्वाचं आहे: समितीपुढं जे आलंच नाही ते. कलम ९७ मधली कामांची यादी काढून समोर ठेवा. सर्वंकष विकास आराखडा, वार्षिक वेळापत्रक, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम आणि पदांच्या शिफारशी, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचा आढावा, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या अहवालावर चर्चा, तपासणी आणि लेखापरीक्षणाचे अहवाल, विद्यार्थी आणि कर्मचारी कल्याण, शिस्त आणि सुरक्षितता. यातल्या प्रत्येक कामावर वर्षात किती ठराव झाले ते मोजा. स्नेहसंमेलनाची पानंच्या पानं भरतात आणि लेखापरीक्षणाच्या अहवालावर ‘वाचून दाखवला, मान्य’ एवढीच ओळ असते, हे मोजल्याशिवाय दिसत नाही.

पण कायद्याची यादी मुंबईत केलेली आहे, तिच्यात आपल्या गावाचं दुखणं नावानिशी येणार नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, साखर कारखान्यावर जातात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. जोडप्याला एक कोयता धरतात आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. घरी म्हातारी माणसं आणि धाकटी भावंडं राहिली की थोरल्या बहिणीचं कॉलेज तिथंच थांबतं. काही मुलं स्वतःच फडात जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, टोळ्या परत येईपर्यंत दुसऱ्या सत्राचे तास बहुतेक होऊन गेलेले असतात. महाविद्यालयाच्या दप्तरी ही मुलं फक्त ‘अनियमित’ असतात. आढावा घेणाऱ्यांनी हजेरीपत्रकातून नोव्हेंबरनंतर गळालेली नावं काढावीत, वर्गशिक्षकांकडून कारण विचारून घ्यावं आणि मग समितीला सरळ विचारावं: वर्षातल्या एका तरी सभेत आपण यावर बोललो का? अंतर्गत चाचणी कधी घ्यायची, परत आलेल्यांसाठी जादा तास लावायचे का, वसतिगृहात चार महिन्यांपुरती सोय होईल का, हे प्रश्न वार्षिक वेळापत्रकाचे आणि विद्यार्थी कल्याणाचे आहेत, म्हणजे समितीच्याच कामाचे आहेत. माझ्या मते मराठवाड्यातल्या समितीच्या आढाव्यात हा प्रश्न नसेल तर तो आढावा पुन्हा करावा. तुमच्या भागात ऊसतोड नसेल तर दुसरं काहीतरी असेल. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसा उन्हाळा आला तर वसतिगृह आणि प्रयोगशाळा कशा चालवायच्या, हे आराखड्यात लिहिलंय का ते बघा.

यानंतर भूमिकेचा विषय घ्या. तो नाजूक असतो, म्हणून ठराव वाचून झाल्यावरच घ्यावा. समितीनं दिशा ठरवायची, शिफारस करायची, आलेल्या पैशाचा आणि कामाचा हिशेब बघायचा. रोजचा कारभार प्राचार्यांचा. आणि शेवटची मान्यता संस्थेच्या व्यवस्थापनाची, म्हणजे अंदाजपत्रकाचीसुद्धा समिती शिफारसच करते. या तीन पायऱ्यांची सरमिसळ कुठं झाली ते उदाहरणानं शोधा. समितीच्या सदस्यानं परस्पर शिपायाची ड्युटी बदलली का? कोणत्या मुलाला प्रवेश द्यायचा यासाठी ऑफिसला फोन आले का? उलट बाजूही बघा: अंदाजपत्रक आयत्या वेळच्या विषयात आणून दहा मिनिटांत मंजूर करून घेतलं का? समितीची शिफारस व्यवस्थापनाकडं गेली, तर तिचं उत्तर लेखी आलं का? अशी उत्तरं सहसा येतच नाहीत, आणि समितीही पुन्हा विचारत नाही. आढाव्यात उत्तर न आलेल्या शिफारशींची वेगळी यादी करून ती अध्यक्षांच्या हाती द्या. अध्यक्ष व्यवस्थापनाचेच असतात, त्यामुळं पाठपुरावा कोणी करायचा हा प्रश्न उरत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांची विश्वस्त मंडळं तिथले मतदार निवडून देतात, आणि मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांत मंडळानं ठरलेल्या पद्धतीनं स्वतःचं मूल्यमापन करावं हेही असतं. आपल्याकडं महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांत सहावा प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा होता. त्यासाठी इतिवृत्ताच्या प्रती जोडायचो, पण समितीनं स्वतःला काय विचारलं हे दाखवायला कागद नसायचा. असा आढावा घेतला तर तो कागद आपोआप तयार होतो.

हजेरीचं थोडक्यात सांगते. वर्षात किमान चार सभा कायद्यानं लागतात. सह्यांच्या पानावरून कोण किती वेळा आलं ते लिहा, आणि नोटीस व टिपणं सभेच्या किती दिवस आधी मिळाली तेही लिहा. विद्यार्थी परिषदच नसेल तर तिच्या अध्यक्ष-सचिवांच्या दोन जागा रिकाम्या राहतात. निदान आढाव्याच्या सभेला दोन विद्यार्थी निमंत्रित म्हणून बोलवा, त्यातली एक मुलगी असू द्या, आणि त्यांना शेवटी नाही, आधी बोलू द्या.

प्रश्नावली यानंतर. सहा-सात प्रश्न पुरेत, आणि गुण देण्याऐवजी दोन ओळी लिहायला जागा ठेवा. आम्ही विचारायचो ते असे: या वर्षी समितीच्या कोणत्या निर्णयानं विद्यार्थ्याला फरक पडला? कोणत्या विषयावर तुम्हाला बोलायचं होतं पण बोलता आलं नाही? अंदाजपत्रकातला कोणता आकडा तुम्हाला समजला नाही? पुढच्या वर्षी कोणती एकच गोष्ट व्हावी? समितीत पंधरा माणसं, अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळं हातानं लिहून घेऊ नका. टाइप करून किंवा गूगल फॉर्मवर नावाशिवाय घ्या. उत्तरं एकत्र करायला शेजारच्या तालुक्यातले एखादे निवृत्त प्राचार्य मिळाले तर फार बरं. शिक्षक आणि शिक्षकेतर हे याच संस्थेचे नोकर असतात. अध्यक्षांसमोर बोलायला ते कचरतात, हे मी जवळून पाहिलंय, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आढाव्याची सभा वेगळी लावा, दुसरा कोणताही विषय घेऊ नका. चर्चा चालवायचं काम बाहेरच्या सदस्याकडं, बहुधा माजी विद्यार्थी असलेल्याकडं द्या. अध्यक्षांनी सगळ्यांचं झाल्यावर बोलावं. आधी वही वाचायची, मग न आलेले विषय, मग भूमिका, मग प्रश्नावली. दोन-अडीच तास लागतात. जेवणाआधी संपवायची घाई असेल तर तारीखच बदला. शेवटी पुढच्या वर्षासाठी तीनच कामं ठरवा, जास्त नकोत. प्रत्येकापुढं नाव, तारीख आणि शीर्ष.

अहवाल चार-पाच पानांचा करा. झालेली कामं, न झालेली कामं कारणासकट, व्यवस्थापनाकडून उत्तर न आलेल्या शिफारशी आणि ही तीन कामं. न झालेल्या कामांचं पान गाळायचा आग्रह कोणीतरी करेल, तिथं शिक्षक प्रतिनिधींनी ठाम राहावं. एक प्रत व्यवस्थापनाला, एक विद्यापीठाला आवक क्रमांक घेऊन, एक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर. आणि वर्षातल्या पुढच्या प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेत, मागील इतिवृत्त कायम करण्याच्या लगेच खाली, या तीन कामांची प्रगती हा विषय छापून टाका.