पेट्रोल संपणार असा मेसेज आला की शाळेचं आणि घरचं कसं सांभाळायचं

१ जानेवारी २०२४, सोमवार होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज पडला की उद्यापासून तीन दिवस पेट्रोल मिळणार नाही, लगेच टाक्या फुल करून घ्या, आणि साडेसातला मी छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातून घरी निघाले तर पंपाची रांग पार मेन रोडवर आलेली, एक अँब्युलन्स त्यात अडकून सायरन वाजवत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात ५२ पैकी १९ पोरं आली. मी शाळेत शिकवते आणि शाळेच्या परिवहन समितीचं काम पण बघते, म्हणून त्या दोन दिवसात काय चुकलं आणि नंतर आम्ही काय बदललं ते लिहून ठेवतेय, कारण अशी वेळ परत येतेच आणि तेव्हा विचार करायला कोणाकडे टाइम नसतो.

आधी हे समजून घ्या की त्या दिवशी पेट्रोल संपलेलं नव्हतं. नवीन भारतीय न्याय संहितेत कलम १०६ च्या पोटकलम २ मध्ये अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला १० वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती, त्याच्या विरोधात ट्रक आणि टँकरवाल्यांनी चाकं थांबवली. आमच्या मराठवाड्याला पेट्रोल येतं ते मोठ्या प्रमाणात मनमाडजवळच्या पानेवाडीतून, तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून उत्तर महाराष्ट्राला पण जातं. डेपो भरलेला, पंपाच्या टाक्यांतही थोडंफार होतं, फक्त मधला टँकर थांबलेला. आणि २ तारखेला रात्री दिल्लीत गृह सचिवांची वाहतूकदारांच्या संघटनेशी बैठक झाली, हे कलम चर्चा केल्याशिवाय लागू करणार नाही असं ठरलं, संप मिटला. पुढे १ जुलै २०२४ ला नवीन कायदे लागू झाले तेव्हाही ते पोटकलम बाजूलाच ठेवलं. म्हणजे एकूण दोन दिवसांचा प्रश्न. पण आमच्या पंपावर जे काही दिवस पुरलं असतं ते एका रात्रीत गेलं.

ते कसं जातं याचा हिशोब बघा. एरवी माणूस पंपावर येतो तेव्हा गाडी रिझर्व्हला लागलेली असते आणि तो दोनशेचं टाकतो. मेसेज आला की ज्याच्या टाकीत अर्ध्याच्या वर आहे तो पण येतो, ज्याला परवा यायचं होतं तो पण आज येतो, आणि सगळे म्हणतात फुल करा. त्या रात्री मी आमच्या व्हॅनवाल्या काकांना बघायला पंपावर गेले होते. त्यांच्या पुढे एक जण स्कूटर घेऊन पावणेदोन तास उभा होता, नंबर आला, पंपावरच्या पोराने नोझल घातलं आणि ८० रुपयांवर पेट्रोल तोंडाशी आलं, सांडलं पण थोडं. १०६ रुपये लिटरचा भाव होता तेव्हा, म्हणजे पाऊण लिटरसाठी पावणेदोन तास. आणि काकांच्या ओम्नीचा नंबर यायच्या आत पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेली पाटी लागली, पेट्रोल संपले आहे. त्या ओम्नीत सकाळी नऊ पोरं बसतात.

मेसेज आल्यावर पहिलं काम

पहिलं म्हणजे फॉरवर्ड करू नका, दहा मिनिटं थांबा. मग नेमकं काय बंद आहे ते शोधा, कारण टंचाई एका प्रकारची नसते आणि प्रत्येकीला वेगळं वागावं लागतं. पंपचालकांचा संप असेल तर तो बहुतेक वेळा आधी जाहीर होतो आणि त्याला तारीख असते. टँकरवाल्यांचा असेल तर पंप चालू असतात पण नवीन माल येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे देशातच माल नाही, जसं २०२२ ला श्रीलंकेत झालं, तिथे आयातीचे पैसे द्यायला डॉलरच उरले नव्हते, जूनमध्ये कोलंबो भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, परत उघडल्या तेव्हा काही काळ आठवड्यातून तीनच दिवस, आणि पेट्रोल क्यूआर कोडवर, सुरुवातीला मोटरसायकलला आठवड्याला ४ लिटर. ते खरं संकट, महिनोन्महिने चालणारं. त्याच्या उलट सप्टेंबर २०२१ ला ब्रिटनमध्ये तेल होतं पण टँकर चालवायला ड्रायव्हर कमी पडले होते, बातमी फुटली आणि लोकांनीच पंप कोरडे केले, शेवटी ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे ड्रायव्हर टँकरवर बसवले. माझी मावसबहीण तिकडे शाळेत मदतनीस आहे, ती सांगत होती की ज्यांना घरून काम करता येतं ते पण रांगेत होते आणि हिला मात्र शाळेत पोचायला गाडीत तेल नव्हतं.

तर विचारायचं कोणाला? रोजच्या पंपावर जो मॅनेजर बसतो त्याला साधं विचारा, दादा शेवटचा टँकर कधी आला आणि पुढचा कधी लागणार. बारा हजार किंवा वीस हजार लिटरचे टँकर असतात, कालच खाली झाला असेल तर तुमच्या भागाला लगेच धोका नाही. आणि जिल्ह्यात या विषयाचं काम जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे असतं, त्यांची किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाची सूचना आली का ते बघा. तारीख नसलेला, सही नसलेला, "आत्ताच कळलं" ने सुरू होणारा मेसेज सोडून द्या.

स्वतःचा हिशोब घाला, कागदावर

मी हे प्रत्येक पालकाला करायला लावते. माझ्या अ‍ॅक्टिवाची टाकी ५.३ लिटरची, अ‍ॅव्हरेज ४५ धरा, घर ते शाळा आणि परत मिळून रोजचे १४ किलोमीटर. अर्धी टाकी म्हणजे जवळपास १२० किलोमीटर, म्हणजे आठ दिवस. आठ दिवस! असं आकड्यात बघितलं की छातीतली धडधड कमी होते आणि रांगेत जायची गरजच वाटत नाही. ज्याच्याकडे तीन दिवसांचं आहे त्याने त्या दिवशी पंपाकडे बघायचं पण नाही असा आमच्या सोसायटीत आम्ही नियम केलाय, आणि एरवी शांततेच्या दिवसात टाकी अर्ध्यावर आली की भरायची, रिझर्व्हची वाट बघायची नाही. शाळेच्या व्हॅन, रिक्षा आणि बसला तर हा नियम सक्तीचा करा. सीएनजीच्या व्हॅनवाल्यांनी पण, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्या सकाळी सुरू पेट्रोलवरच होतात.

रांगेत जावंच लागलं तर पहाटे जा, पाच-साडेपाचला, संध्याकाळी सात ते दहा सगळ्यात वाईट वेळ. लहान पोरांना सोबत नेऊ नका. रोख पैसे ठेवा, त्या रात्री यूपीआय अडकत होतं आणि एकेका गाडीला पाच-पाच मिनिटं लागत होती. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत पुढे न्या. लागेल तेवढंच घ्या, चंदीगडला तर प्रशासनाने २ जानेवारीलाच मर्यादा घातली होती, दुचाकीला २ लिटर किंवा २०० रुपये, चारचाकीला ५ लिटर किंवा ५०० रुपये, हीच मर्यादा आपण आपली आपल्याला घालून घेऊ शकतो.

बाटली किंवा कॅन घेऊन जाऊ नका. हे मी हात जोडून सांगते. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाल्यांना मनाई आहे, तरी लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन भांडत होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती दिसत नाही, फरशीवरून सरपटत जाते, आणि गॅलरीत ठेवलेल्या बाटलीतून स्वयंपाकघरातल्या गॅसपर्यंत पोचायला तिला वेळ लागत नाही. घरात पोरं आहेत, देवापुढे दिवा आहे.

पंपावरच्या पोरांशी भांडू नका. पाटी लावली तरी टाकीत थोडं पेट्रोल असतं आणि लोकांना वाटतं साठा करून ठेवलाय. त्यांच्या जमिनीतल्या टाकीत तळाशी थोडा माल असा राहतोच जो पाइपला ओढता येत नाही, ते त्याला डेड स्टॉक म्हणतात. आणि प्रशासनाने सांगितलं असेल तर अँब्युलन्स, पोलिस, अग्निशमन यांच्यासाठी वेगळं राखून ठेवलेलं असतं, ते मागायचं पण नसतं.

शाळेने काय करायचं

इथे मी जास्त लिहिणार आहे कारण आमचं सगळ्यात जास्त इथेच चुकलं. २ तारखेला आमच्या एका बसमध्ये डिझेल होतं, पुरेसं होतं, तरी बस पाऊण तास उशिरा आली, कारण चिकलठाण्याकडून येताना रस्त्यावर दोन पंप लागतात आणि दोन्हीकडच्या रांगांनी रस्ता अर्धा बंद केलेला. बस स्टॉपवर पहिली-दुसरीची पोरं थंडीत उभी, आया फोन करतायत, आम्ही उचलतोय पण आम्हालाच माहीत नाही. शाळा सुरू आहे का नाही याचे तीन वेगवेगळे मेसेज तीन ग्रुपवर फिरत होते.

आता काय ठरवलंय ते सांगते. मेसेज एकच माणूस टाकणार, संध्याकाळी आठच्या आत, बाकी शिक्षकांनी फक्त तोच पुढे पाठवायचा. बसचा दुसरा रस्ता, पंप न लागणारा, आधीच ड्रायव्हरला दाखवून ठेवायचा. दोन अर्ध्या भरणाऱ्या व्हॅन असतील तर एक करायची, पण परवानगीपेक्षा जास्त पोरं कोंबायची नाहीत, टंचाई आहे म्हणून अपघाताचा धोका कमी होत नाही.

दीड किलोमीटरच्या आतली पोरं चालत. आम्ही याला चालती बस म्हणतो. ठरलेल्या वेळेला कोपऱ्यावरून दोन पालक निघतात, एक पुढे एक मागे, वाटेत घराघरातून पोरं जोडत जातात, दप्तरात फक्त त्या दिवसाच्या दोन-तीन वह्या. पहिल्यांदा केलं तेव्हा एक आजोबा रोज मॉर्निंग वॉकला जायचे ते स्वतःहून मागे चालायला लागले, पोरांना इतकं आवडलं की नंतरही एका गल्लीतून सात पोरं चालतच येतात.

यासाठी यादी लागते, आणि ती जूनमध्येच करायची. महाराष्ट्रात स्कूल बसचे नियम २०११ चे आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला सांगितलीय आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, म्हणजे हे काम कोणाचं हा प्रश्नच नको. यादीत लिहा की कोण चालत येऊ शकतं, कोण एसटीने येतं, कोणाला गाडीशिवाय पर्यायच नाही. एसटीचा एक फायदा लक्षात ठेवा, बऱ्याच आगारांमध्ये त्यांचा स्वतःचा डिझेल पंप असतो, त्यामुळे शहरातले पंप कोरडे पडले तरी एसटी लगेच थांबत नाही. शिक्षकांची पण यादी करा, वाळूजहून तीन मॅडम तीन स्कूटरवर येत होत्या, आता अशा दिवशी एकाच गाडीतून येतात.

शाळा बंद करायचा निर्णय शेवटचा ठेवा. काही पोरांचं दिवसातलं नीट जेवण म्हणजे शाळेतली खिचडी, ती बंद झाली की त्या घरात काय होतं ते आम्ही लॉकडाऊनमध्ये बघितलंय. त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना आधी विचारा, भरलेला सिलेंडर आहे का, तांदूळ-डाळ किती दिवसांची, भाजी आली नाही तर नुसत्या डाळीवर भागवता येईल का. ऑनलाइन वर्ग हा सोपा उपाय वाटतो पण एका घरात एक फोन आणि तो बाबांच्या खिशात असतो. त्यापेक्षा जे येऊ शकले नाहीत त्यांना गैरहजर धरू नका, चाचणी असेल तर पुढे ढकला, आणि आलेल्या पोरांना नवीन धडा शिकवू नका, उजळणी घ्या, म्हणजे घरी राहिलेलं पोर मागे पडत नाही.

घर आणि सोसायटी

दूध, भाजी, किराणा दोन-तीन दिवसांचा एरवीही घरात असतोच, त्यावर ढीग रचू नका. औषधं मात्र बघा, शुगर आणि बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या हाताशी असू द्या. सिलेंडर चालू असताना घाबरून दुसरा बुक करू नका, ज्याचा खरंच संपलाय त्याची डिलिव्हरी त्यामुळे मागे जाते.

सोसायटीत एक गाडी राखीव ठेवा, टाकी भरलेली, चावी ठरलेल्या घरी. आमच्या बिल्डिंगमध्ये एका काकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं आणि तेव्हा एका ताईंना नववा महिना लागलेला. रात्री दोनला १०८ ला उशीर झाला तर हीच गाडी. त्या आठवड्यात ती गाडी एकदाच निघाली, डायलिसिसला, आणि ज्यांची गाडी होती त्यांनी स्वतः ऑफिसला सिटी बसने जाऊन ती राखली.

संप मिटल्याची बातमी आली की परत सगळे पंपावर धावतात, ते पण करू नका. थांबलेले टँकर सुटून सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस जातात, तोवर आधी व्हॅन, रिक्षा, डिलिव्हरीवाल्यांना भरू द्या, त्यांचं पोट त्या टाकीवर आहे. आणि व्हॅनवाल्या काकांचे त्या दोन दिवसांचे पैसे कापू नका. आमच्या काही पालकांनी कापले होते. काका काही बोलले नाहीत, फक्त ३ तारखेला सकाळी आले तेव्हा म्हणाले, मॅडम, मी रात्री दीडपर्यंत तिसऱ्या पंपावर उभा होतो, आज नऊच्या नऊ पोरं आणलीत, मोजून घ्या.