लहान मुलांसह परदेशी समुद्रकिनारी सुट्टी: या चुका टाळा

मुंबईहून मालदीवला विमान साधारण तीन तासांत, फुकेतला साडेचार-पाच तासांत आणि मॉरिशसला साडेसहा-सात तासांत पोहोचते. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या मुलांना घेऊन परदेशातील समुद्रकिनारी जाणारी कुटुंबे आता दादर-विलेपार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडे आढळतात. या सुट्टीतील अडचणी किनाऱ्यावर गेल्यावर दिसू लागतात, परंतु त्यांतील बऱ्याचशा घरी बसून आरक्षण करतानाच ओढवून घेतलेल्या असतात. हॉटेल, विमानाची वेळ आणि फिरण्याचा कार्यक्रम मोठ्यांच्या आवडीने ठरतो आणि घरातील सर्वांत लहान मुलाचा दिवस तिथे कसा जाईल, हा प्रश्न सगळे पैसे भरून झाल्यावर पुढे येतो. तो सर्वांत आधी विचारावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

शाळेची सुट्टी पाहिली, समुद्राचा मोसम पाहिला नाही

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. आपल्याकडे मे महिना म्हणजे सुट्टी, आणि मे महिन्यात थायलंडमधील फुकेत व क्राबीची हॉटेले स्वस्त मिळतात, म्हणून अनेक कुटुंबे तिकडे वळतात. ती हॉटेले स्वस्त असण्याचे कारण असे की, जो नैर्ऋत्य मोसमी वारा जूनमध्ये मुंबईत पाऊस आणतो, तोच मे महिन्यात अंदमान समुद्राकडील या किनाऱ्यांवर पोहोचलेला असतो. तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत पाटोंग, कारोन, काटा या फुकेतच्या पश्चिमेकडील किनाऱ्यांवर मोठ्या लाटा व आत ओढणारे प्रवाह असतात आणि लाल बावटे लागतात. मुलांना पाण्यात सोडता येत नाही आणि सगळी सुट्टी हॉटेलच्या तलावाभोवती काढावी लागते. त्याच मे महिन्यात थायलंडच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे आखातातील कोह सामुई बेटावर, समुद्र पुष्कळ शांत असतो. उलट दिवाळीच्या सुट्टीत सामुईला जाणे चुकीचे, कारण तिथला सर्वांत जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो.

श्रीलंकेतही असेच आहे. बेंटोटा, उनावटुना, मिरिसा हा दक्षिण-पश्चिम किनारा डिसेंबर ते मार्च या काळात चांगला असतो, तर मे ते सप्टेंबरमध्ये पूर्वेकडील पासिकुडा गाठावे. तिथे पाणी किनाऱ्यापासून बरेच आतपर्यंत उथळ असल्याने लहान मुलांसाठी त्याच्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. मालदीवचा कोरडा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल हा आहे. बालीमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे हवामान असते, त्यामुळे मे महिन्यासाठी बाली योग्य आणि नाताळसाठी नव्हे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने आपला मे म्हणजे तिथल्या हिवाळ्याची सुरुवात. चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. दिवाळीच्या सुट्टीत दुबई आणि अबू धाबीचे किनारे सुखाचे असतात, मे महिन्यात मात्र तिथली दुपार मुलांना सोसवत नाही.

बेट ठरल्यावरही काम संपत नाही, कारण एकाच बेटावरील दोन किनाऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बालीत कुटा, सेमिन्याक आणि चांगू येथे लाटांवर खेळणाऱ्या तरुणांची गर्दी असते, आणि त्या लाटाच लहान मुलांना धोकादायक असतात. सानुर आणि नुसा दुआ येथे मात्र प्रवाळाच्या कडेमुळे लाटा बाहेरच फुटतात आणि आतले पाणी संथ राहते. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याला अशीच प्रवाळाची कड आहे, पण दक्षिणेला ग्री-ग्री येथे ती तुटलेली असल्याने समुद्र थेट कड्यांवर आदळतो; ती जागा पाहण्याची आहे, उतरण्याची नव्हे. हॉटेलला लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: आम्ही येऊ त्या महिन्यात तुमच्या किनाऱ्यावर मुले पाण्यात उतरतात का, तिथे जीवरक्षक असतो का, आणि तळाशी वाळू आहे की प्रवाळ. उत्तर मोघम आले, तर दुसरे हॉटेल पाहावे.

पासपोर्ट आणि संमतिपत्र

लहान मुलांचा पासपोर्ट मोठ्यांप्रमाणे दहा वर्षांचा नसून पाच वर्षांचा असतो, हे आई-वडिलांच्या ध्यानात राहत नाही. इंडोनेशियासह अनेक देशांना पोहोचण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी असते. ती नसेल तर कुटुंबाला सहार विमानतळाच्या काउंटरवरूनच परत फिरावे लागते आणि तिथे कोणतीही विनवणी चालत नाही. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट आणि जिथे व्हिसा लागतो तिथे स्वतंत्र व्हिसा लागतो. थायलंडसाठी पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आणि मालदीवसाठी प्रवासाआधीच्या 96 तासांत भरायचे ऑनलाइन अर्ज प्रत्येक मुलाचेही भरावे लागतात. हे नियम बदलत असल्याने आरक्षणाच्या वेळी आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलाला नेत असेल, अथवा आजी-आजोबा नेत असतील, तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ ठेवावे. आईने लग्नानंतर आडनाव बदलले नसेल, तर मुलाच्या जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत सोबत असणे हिताचे ठरते.

पाण्यावरची खोली आणि मध्यरात्रीचे विमान

मालदीवच्या पाण्यावर बांधलेल्या खोल्या छायाचित्रांत मोहक दिसतात. पण चालू लागलेल्या मुलासाठी ती अतिशय चुकीची निवड आहे, कारण खोलीबाहेरच्या लाकडी मंचाला अनेक ठिकाणी कठडा नसतो आणि पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. काही रिसॉर्ट ठरावीक वयाखालील मुलांना अशा खोल्या देतच नाहीत, आणि त्यांचे ते धोरण योग्यच आहे. किनाऱ्यावरील वाळूतली खोली घ्यावी. ती बहुधा स्वस्तही पडते. मालदीवची राजधानी माले येथून रिसॉर्टच्या बेटांवर नेणारी, पाण्यावर उतरणारी सागरी विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात, म्हणून मालेला संध्याकाळी पोहोचणारे तिकीट काढल्यास रात्र तिथेच काढावी लागते. मुले लहान असतील, तर मालेपासून स्पीडबोटीने थोड्या वेळात गाठता येईल असे बेट निवडणे शहाणपणाचे आहे.

मध्यरात्रीनंतर सुटणारे विमान निवडताना ‘मूल झोपून जाईल’ असा हिशेब केला जातो. प्रत्यक्षात विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, सामान, सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनच्या रांगांत उभे राहायचे, म्हणजे मूल नेमके झोपेच्या वेळी जागे राहते आणि पहाटे परक्या देशात चिडचिडे होऊन उतरते. त्यात खोली दुपारी दोन-तीनपर्यंत मिळत नाही. सकाळचे विमान थोडे महाग असले तरी घ्यावे, आणि ते शक्य नसेल तर लवकर खोली मिळण्याचे पैसे आधीच भरून ठेवावेत. विमान खाली उतरताना मुलाचे कान दुखतात, कारण घशातून कानाकडे जाणारी नळी त्याची लहान व अरुंद असते. विमान उतरू लागताच मुलाला जागे करून अंगावर पाजावे, बाटली द्यावी किंवा घोट घोट पाणी पाजावे; गिळण्याच्या क्रियेने ती नळी उघडते. सर्दीने नाक चोंदले असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

पाण्यात

मुंबईत वाढलेल्या मुलांना समुद्र पाहण्याची सवय असते, समुद्रात उतरण्याची नसते. जुहूला पाय ओले करणे आणि सोसायटीच्या किंवा क्लबच्या तलावात पोहायला शिकणे यांतून समुद्राची ओळख होत नाही, तरीही ‘आमच्याला पोहता येते’ या भरवशावर पालक खुर्चीत बसून राहतात. बुडणारे मूल ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना त्याला श्वास घेण्यापलीकडे काही सुचत नाही, त्यामुळे दहा पावलांवर बसलेल्या आईला मूल खेळते आहे असेच वाटते. म्हणून पाच-सहा वर्षांखालील मूल पाण्यात असेपर्यंत एक मोठे माणूस त्याच्यापासून हात पोहोचेल एवढ्याच अंतरावर पाण्यात उभे हवे, आणि ते कोण, हे नाव घेऊन ठरवावे. ‘आपण सगळे आहोतच’ असे म्हटले की प्रत्येकाला दुसरा पाहतो आहे असे वाटते. मोठ्या कुटुंबासोबत गेलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पाळी अर्ध्या तासाची असावी आणि त्या वेळात मोबाईल दुसऱ्याकडे द्यावा.

हवा भरलेली रिंग, हातांतले फुगे आणि बदकाच्या आकाराचा तराफा ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधने नव्हेत. किनाऱ्याकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तर अशी रिंग मुलासह काही मिनिटांत खोल पाण्याकडे जाते. मुलाच्या वजनानुसार योग्य मापाचे, दोन पायांमधून पट्टा असलेले लाइफ जॅकेट मुंबईतूनच घेऊन जावे, कारण बोटीवर मिळणारी जॅकेटे बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात आणि लहान मूल त्यांतून खाली सरकते. पोहण्याचा पोशाख भडक नारिंगी किंवा पोपटी घ्यावा; निळा आणि पांढरा रंग पाण्यात दिसेनासा होतो.

लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये. वर लाल व खाली पिवळा असे दोन बावटे लागलेले असतील, तर त्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकाचे लक्ष असते. परत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने धडपडू नये, आधी किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. मूल पाण्यातून काढले आणि ते श्वास घेत नसेल, तर पोट दाबून पाणी काढत बसण्यात वेळ घालवू नये; मदतीसाठी हाक मारत लगेच तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे सुरू करावे. हे आधी शिकलेले नसेल तर त्या क्षणी सुचत नाही, म्हणून निघण्यापूर्वी घरातील एकाने तरी त्याचे प्रशिक्षण घ्यावे. मूल शुद्धीवर असले तरी नंतर खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा ते पेंगत असेल, तर रुग्णालयात न्यावे.

थायलंडच्या, विशेषतः आखाताकडील किनाऱ्यांवर विषारी बॉक्स जेलीफिश आढळतात आणि त्यासाठी काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली असते. दंश झाल्यास त्या जागेवर किमान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतावे. गोडे पाणी ओतू नये, वाळूने चोळू नये आणि त्वरित वैद्यकीय मदत मागवावी. संपूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख आणि पाण्यातले बूट घातल्यास दंश, प्रवाळाचे ओरखडे आणि ऊन या तिन्हींपासून बचाव होतो.

ऊन

‘आपली कातडी सावळी, आपल्याला काही होत नाही’ हा समज मुलांना महागात पडतो. विषुववृत्ताजवळ ऊन डोक्यावरून पडते, वाळू व पाण्यावरून परावर्तित होते आणि ढगांतूनही बरेचसे खाली येते. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात मुलांना सावलीत ठेवावे. दुपारच्या झोपेची वेळ नेमकी हीच असते, म्हणून ती मोडून सहली आखू नयेत. किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी वीस मिनिटे आधी लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून आल्यावर, पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि सुती कपडेच द्यावेत. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनला 2021 पासून बंदी आहे, तेव्हा झिंक ऑक्साइडवर आधारलेले घ्यावे. अंग भाजलेच तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात व भरपूर पाजावे. त्यावर टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये आणि आलेले फोड फोडू नयेत.

खाऊ आणि औषधे

खिमटाचे पीठ, नाचणीचे सत्त्व, मेतकूट आणि छोटी विजेची किटली एवढ्या सामानावर लहान मुलाचा पहिला दिवस तरी निभावतो. मात्र दिवाळीत दुबईला किंवा सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी अनारसे घरीच ठेवावेत, कारण त्यांवर लावलेल्या खसखशीला या दोन्ही देशांत बंदी आहे. खोकल्याची काही औषधेही अमिरातीत चालत नाहीत, म्हणून प्रत्येक औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे.

जुलाबांत सर्वाधिक होणारी चूक ओआरएसची आहे. एक लिटर पाण्यासाठी असलेले मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजले, तर मुलाच्या शरीरात क्षाराचे प्रमाण धोकादायक वाढते. लहान पाकिटे 200 मिलिलिटर पाण्यासाठी असतात. तीच घ्यावीत आणि सोबत माप असलेली बाटली ठेवावी. सहा तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडले, तर हॉटेलच्या डॉक्टरांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रवास विम्याचा मदत क्रमांक त्यासाठी दोन्ही पालकांच्या मोबाईलमध्ये हवा.

बालीतील माकडांजवळ मुलाच्या हाती खाऊ देऊ नये. माकड किंवा कुत्रा चावला अथवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. मुंबईला परतल्यावर पाहू, असे म्हणू नये. परतल्यानंतर दोन आठवड्यांत मुलाला ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाचे ठिकाण आणि तारखा न विचारता सांगाव्यात, कारण थायलंड, बाली आणि मालदीव या तिन्ही ठिकाणी डेंग्यू असतो. तपासणी होईपर्यंत तापासाठी वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉलच द्यावे, आयबुप्रोफेन देऊ नये.