पीएलसी नेटवर्कवर दिसत नाही? प्रोग्रामला हात लावण्याआधी हे तपासा

मशीन थांबलीय, तिला चालवणारा पीएलसी (कंट्रोलर) नेटवर्कवर दिसत नाही, एचएमआयवर (मशीनच्या स्क्रीनवर) 'कम्युनिकेशन एरर' आलाय आणि शिफ्ट इनचार्ज दर दोन मिनिटांनी विचारतोय, 'किती वेळ?' अशा वेळी लॅपटॉप उघडून थेट प्रोग्राम चाळायला लागू नका. काल चालणारा प्रोग्राम आपोआप बदलत नाही. केबल मात्र सैल होते.

दिवा बघा. पीएलसीच्या आणि नेटवर्क स्विचच्या पोर्टवरचा लिंकचा दिवा दोन्हीकडे लागलेला हवा. नसेल तर केबल बदला, स्विचचा दुसरा पोर्ट वापरून बघा. आरजे४५ प्लगची खिट्टी तुटलेली असेल, तर मशीनच्या थरथरीने तो हळूहळू बाहेर सरकतो. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, हेही विसरू नका. पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट असतील, तर ते अधिकृत इलेक्ट्रिशियनलाच उघडू द्या.

लॅपटॉपला पत्ता द्या. वाय-फाय बंद करा. पीएलसीचा आयपी १९२.१६८.०.१ असेल, तर लॅपटॉपला १९२.१६८.०.२४० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० द्या. २४० दुसऱ्या कुणाला दिलेला नाही, हे आयपींच्या यादीत आधी बघा. नाहीतर चालू असलेली दुसरी मशीनही बंद पडू शकते.

पिंग करा आणि उत्तर नीट वाचा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून पुढे पीएलसीचा पत्ता टाका. 'रिप्लाय' शब्द दिसला म्हणून खूश होऊ नका, रिप्लाय कुणाकडून आलाय ते बघा. स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असेल, तर त्या पत्त्यावर कुणी सापडलंच नाही. केबल, पत्ता, व्हीलॅन (स्विचमध्ये केलेले नेटवर्कचे वेगळे भाग) तपासा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे हाक गेली, उत्तर आलं नाही. समोर विंडोजवरचा स्काडा पीसी (प्लँटवर नजर ठेवणारा कॉम्प्युटर) असेल, तर त्याचा फायरवॉलही पिंग अडवू शकतो.

उत्तर येतंय, पण मधूनमधून? एकच आयपी दोघांना दिल्याचा संशय घ्या. पीएलसीची केबल काढा (मशीन थांबलेली असतानाच), एआरपी -डी ने लॅपटॉपमधली जुनी नोंद पुसा आणि पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर आलं, तर त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी बसलंय.

प्रोफिनेट या औद्योगिक नेटवर्कवरच्या कोऱ्या उपकरणाला बहुधा आयपीच नसतो, त्यामुळे पिंग निरुपयोगी. प्रोनेटासारख्या साधनाने त्याला शोधा आणि आधी नाव द्या.

पोर्ट तपासा. हा केबल लावायचा पोर्ट नव्हे, प्रत्येक प्रोटोकॉलचा ठरलेला क्रमांक. पिंग चाललं म्हणजे संवाद चालू आहे, असं नाही. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा. मॉडबस टीसीपीसाठी ५०२, इथरनेट/आयपीसाठी ४४८१८, सीमेन्स एस७ साठी १०२. पिंग येतं पण पोर्ट बंद असेल, तर केबलचा नाद सोडा आणि उपकरणाची सेटिंग किंवा मधला फायरवॉल बघा.

मशीन चालू असताना पुन्हा बघा. ही पायरी घाईत राहून जाते आणि तक्रार रात्रपाळीत परत येते. पिंग -टी (सतत चालणारं पिंग) लावून ठेवा, मग मोटारी एकेक करून सुरू करायला सांगा. ठरावीक ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारं उपकरण) सुरू होताच उत्तरं गळायला लागली, तर नेटवर्कची केबल मोटारीच्या केबलला लागून एकाच ट्रेमधून गेलीय का ते बघा. ती वेगळ्या ट्रेमधून न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, आणि केबलच्या शील्डचं (धातूच्या आवरणाचं) अर्थिंग तपासून पुन्हा पिंग -टी लावा.