बारावीचा पैलवान कॉलेज टीमला घ्यायचाय? मग हे बघा

ॲडमिशनच्या दिवसांत पोरं मेडलांची पिशवी घेऊन येतात, सोबत काका नाहीतर वस्ताद, आणि पहिलंच वाक्य, "सर, स्टेटला गोल्ड आहे." असू दे. कुठल्या वयोगटातलं ते आधी विचारा, आणि त्या वजनात पोरं किती होती तेही, कारण दोन कुस्त्यांत गोल्ड मिळालेलीपण बघितलीत मी. सतरा वर्षांखालच्या गटात कुस्ती २-२ मिनिटांच्या दोन राउंडची असते, कॉलेजला ३-३ ची, म्हणजे पोराने जे जिंकलंय ते ४ मिनिटांत जिंकलंय आणि आपल्याला ६ पाहिजेत, तेही समोर २३-२४ वर्षांचा बाप्या उभा असताना.

म्हणून ट्रायलला ताजातवाना पोरगा लढवू नका. आधी जोर-बैठका मारून घ्या चांगल्या घाम निघेपर्यंत, मग पहिली ३ मिनिटं एका जोडीशी आणि पुढची ३ नव्या दमाच्या पोराशी. चौथ्या मिनिटानंतर खरा पैलवान दिसतो. खडाखडीत, म्हणजे उभ्याने हातांच्या झटापटीत, हात खाली पडतात का, एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) काढताना गुडघ्यातून खाली बसतो की नुसता कमरेतून वाकतो, मागे सरकत सरकत लाइनबाहेर जाऊन फुकटचा १ पॉइंट देतो का, हे बघायचं. दमलेला पोरगा आपल्या एकाच आवडत्या डावावर येतो, आणि तो डाव अडवला की त्याच्याकडे दुसरं काय आहे ते तिथेच कळतं.

व्हिडिओ सगळेच दाखवतात, गाणं लावून, स्लो मोशनमध्ये. तुम्ही म्हणा, हरलेल्या दोन कुस्त्या दाखव. कुरकुरतात, पण देतात. त्यात खाली गेल्यावर काय करतो ते बघा, कारण फ्रीस्टाइलला पट बसला की २ पॉइंट, आणि त्यावर भारंदाजाचे (खाली पडलेल्याच्या कमरेला विळखा घालून लोळवायचे) चार पलटे बसले की २-२ करत १० चा फरक, कुस्ती तिथेच खल्लास, अर्धं मिनिटपण लागत नाही. आम्ही एकदा असाच एक घेतला, उभ्याने वाघ, पण एकदा पोटावर पडला की नुसता लाटण्यासारखा फिरायचा, वर्षभर तेच सुधारत बसलो.

गावच्या मातीतून आलेल्या पोराची पकड जबरदस्त असते, पण ३-३ पॉइंट बरोबरीत झाल्यावर पुढे कोण हे त्याला विचारा. बाकी सगळं सारखं असेल तर शेवटचा पॉइंट ज्याचा तो पुढे, हे माहीत नसल्याने जिंकतोय असं समजून गप्प उभी राहिलेली पोरं मी बघितलीत. अर्थात हे शिकवता येतं, त्यासाठी पोरगा सोडू नका.

वजन मात्र नीट विचारा. स्पर्धेचं नाही, साध्या मंगळवारी सकाळी किती भरतं ते, आणि जमलं तर आईला विचारा, ती खरं सांगते. ५७ किलोला खेळणारा घरी ६३ चा असेल आणि अजून उंची वाढतेय तर तो तुमचा ५७ वाला नाहीच, पुढच्या वर्षी ६५ मागेल, आणि तिथे तुमच्याकडे आधीच एक बसलेला असतो. पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरल्यावरून बाद झाली ते सगळ्यांना माहितीये, तरी पोरं वजन उतरवायला आदल्या रात्री प्लास्टिक घालून पळतातच.

कुस्ती खेळून मोडलेला कान बघून भुलू नका, गुडघा बघा. पूर्ण बैठकीत बसवून तसंच चालायला लावा.

शेवटी विचारायचं, राहणार कुठे? मुंबईत पैलवान घडत नाही असं काही नाही, पैलवान नरसिंग यादव जोगेश्वरीचाच, कांदिवलीच्या साईत (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात) तयार झाला आणि २०१५ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ७४ किलोत ब्राँझ घेऊन आला. पण डोंबिवलीला मामाकडे राहून पहाटे ५ ला मॅटवर, मग लेक्चर, संध्याकाळी परत मॅट आणि रात्री लटकत घरी, यात मेहनत निम्मी लोकलमध्येच जाते. हॉस्टेलची सोय आणि खुराकाचे पैसे कोण देणार हे ठरल्याशिवाय फॉर्मवर सही घेऊ नका.