खासगी जागेत जॅमर लागल्यास दंडावर हरकत कशी नोंदवावी

चाकाला जॅमर दिसताच तो कोणी लावला, हे आधी पाहावे. वाहतूक पोलिसांचा असेल, तर ई-चलनाचा मार्ग वेगळा आहे. नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड परिसरातील संकुलांत आणि सोसायट्यांत मात्र तो बहुधा सुरक्षारक्षकाने लावलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी १० तास किंवा अधिक काळ सोडून दिलेल्या, अथवा पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी उभ्या केलेल्या वाहनाला जॅमर लावण्यास त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. सोसायटीच्या अध्यक्षाला किंवा पार्किंगच्या ठेकेदाराला हे कलम असा कोणताही अधिकार देत नाही.

जॅमर, नंबर प्लेट आणि प्रवेशद्वारावरील फलक एकाच सलग व्हिडिओत घ्यावेत. फलक नसेल, तर मोकळी भिंत घ्यावी.

खरी कसोटी पैसे देताना लागते, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. भर पावसात, आई सोबत असताना, मी एका सोसायटीत पाचशे रुपये रोख दिले. रक्षकाने वहीच्या फाडलेल्या पानावर 'पाचशे मिळाले' एवढेच लिहून दिले; त्यावर ना सही होती, ना शिक्का. पुढे पत्र दिले, तेव्हा अशी रक्कम आमच्याकडे जमाच नाही, असे उत्तर आले आणि माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. तेव्हापासून मी रोख देत नाही. पैसे यूपीआयनेच द्यावेत, खाते सोसायटीचे आहे की रक्षकाचे हे पाठवण्यापूर्वी वाचावे, आणि टिपणीत 'हरकत नोंदवून' असे लिहावे. छापील पावतीवरही हेच शब्द हवेत. रक्षक नाही म्हणाला, तर सचिवांना बोलवावे, त्यात अर्धा तास गेला तरी चालेल. पैसे द्यायचेच नसतील, तर ११२ वर फोन करून पोलीस येईपर्यंत थांबावे. कटरने जॅमर कापण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये, कारण नुकसान केल्याची तक्रार उलट आपल्यावरच होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. आरटीओत खेटे घालण्याचाही उपयोग नाही.

त्यानंतर सचिवांना पत्र द्यावे. आपण कोणा रहिवाशाच्या जागेत गाडी लावली असेल, तर ते कबूल करून दिलगिरी व्यक्त करावी. ती चूक वेगळी आणि वसुलीचा अधिकार वेगळा. ही आकारणी सर्वसाधारण सभेच्या कोणत्या ठरावाने झाली, एवढे विचारून परताव्यासाठी १५ दिवसांची मुदत द्यावी व शिक्का मारलेली पोहोच घ्यावी.

सोसायटी दाद देत नसेल, तर आपण ज्या सदस्याकडे गेलो होतो, त्याने सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करावा. सशुल्क पार्किंग असल्यास आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी; एवढ्या लहान रकमेसाठी आयोगात शुल्क लागत नाही. मूळ पावती कोठेही देऊ नये, छायाप्रतच जोडावी.