वाडिनमध्ये करंट यूआय ‘नल’ येतोय? या चुका टाळा

बटण दाबलं, रिपोर्ट बनायला लागला, आणि शेवटी लेबल बदलायच्या ओळीवर नलपॉइंटरएक्सेप्शन. जावामध्ये वाडिन (वेब ॲपचे स्क्रीन जावातच लिहायचं फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. कारण बहुतेकदा एकच: चालू यूआय, म्हणजे त्या टॅबच्या स्क्रीनचा ऑब्जेक्ट, ‘नल’ (रिकामा) मिळालेला असतो.

यूआय.गेटकरंट() आणि वाडिनसेशन.गेटकरंट() ही दोन्ही थ्रेडलोकलवर, म्हणजे फक्त त्या थ्रेडपुरत्या ठेवलेल्या किमतीवर, चालतात. ब्राउझरची रिक्वेस्ट आली की फ्रेमवर्क सेशनचं लॉक घेतं, चालू यूआय आणि सेशन त्या थ्रेडवर ठेवतं आणि रिक्वेस्ट संपली की उचलून नेतं. कम्प्लीटेबलफ्यूचरने (जावाची मागे काम चालवायची सोय) काम दुसऱ्या थ्रेडवर टाकलंत, तर तिथे हातात काहीच येत नाही.

म्हणून यूआय क्लिक लिसनरमध्येच व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. दुसऱ्या थ्रेडवर चालणाऱ्या लॅम्डाच्या (कोडच्या तुकड्याच्या) आत गेटकरंट() लिहिलंत तर उपयोग शून्य, कारण ती ओळ चालेपर्यंत थ्रेड बदललेला असतो. निकाल आला की धरून ठेवलेल्या यूआयवर ॲक्सेस() बोलवा (ते सेशनचं लॉक घेऊन दिलेला कोड चालवतं) आणि स्क्रीन त्यातच बदला.

काही जण ‘नल नसेल तरच’ अशी अट घालून मोकळे होतात. हा सगळ्यात वाईट उपाय. लॉग स्वच्छ दिसतो, स्क्रीन मात्र ढिम्म हलत नाही.

ॲक्सेस()मध्ये अख्खी क्वेरी कोंबू नका. तेवढा वेळ सेशनचं लॉक अडकून राहतं आणि त्या युजरचे बाकीचे टॅबही गोठतात. जड काम बाहेर करा, आत फक्त सेटटेक्स्ट().

सगळं बरोबर असूनही बदल पुढच्या क्लिकलाच दिसतो? मग पुश, म्हणजे सर्व्हरने आपणहून ब्राउझरला बदल पाठवणं, चालू नाही. ॲट-पुश ॲनोटेशन लावा, नाहीतर सेटपोलइंटरव्हल(1000) देऊन दर सेकंदाला विचारणा करू द्या.

यूआय स्टॅटिक फील्डमध्ये ठेवणं तर साफ बंद करा. एकाचा मेसेज दुसऱ्याच्या स्क्रीनवर उमटतो, शिवाय मेमरी सुटत नाही. एका सेशनमध्ये प्रत्येक टॅबचा यूआय वेगळा असतो, हेही विसरलं जातं. लॉगिन केलेला युजर सेशन ॲट्रिब्यूटमध्ये ठीक. ‘सध्या उघडलेली ऑर्डर’ तिथे ठेवलीत तर दोन टॅब एकमेकांची ऑर्डर पुसतात.

आणि युजरने मध्येच टॅब बंद केला तर? नव्या आवृत्त्यांत ब्राउझर ते बहुधा लगेच कळवतो. ते झालं नाही तर भिस्त हार्टबीटवर, म्हणजे टॅब उघडा असल्याच्या ब्राउझरच्या निरोपावर: तो मुळात 300 सेकंदांनी येतो, सलग 3 चुकले की फ्रेमवर्क तो यूआय बंद करायला घेतं. त्यानंतर ॲक्सेस() केलंत की यूआयडिटॅच्डएक्सेप्शन येणारच. ते पकडा, आणि डिटॅच लिसनरमध्ये (यूआय सुटला की चालणाऱ्या कोडमध्ये) मागे चालू असलेलं कामही रद्द करा.