टक्के कशाचे? प्रवासातल्या अ‍ॅफिलिएट कमिशनचा हिशेब कसा मांडावा

मी बरीच वर्षं हॉटेलच्या आरक्षण विभागात हिशेब पाहिले. महिना उजाडला की बुकिंग प्लॅटफॉर्मचं बिल यायचं. त्यात मागच्या महिन्यात चेक-आउट झालेल्या पाहुण्यांची यादी, प्रत्येकापुढे भाड्याची रक्कम आणि त्यावर आम्ही द्यायचं कमिशन असे. ती यादी रजिस्टरशी ताडून पाहणं हे माझं काम. पाहुणा आलाच नसेल तर त्याच्यापुढे नो-शो लिहायचं. चार रात्रींचं बुकिंग करून दोन रात्रींतच निघून गेला असेल तर रक्कम खाली आणायची. यादीत केलेली अशी प्रत्येक दुरुस्ती पुढे लिंकवरून पाहुणे पाठवून कमिशन घेणाऱ्या कुठल्यातरी अ‍ॅफिलिएटच्या खात्यातून पैसे कमी करत असते.

आता मी प्रवासावर लिहिते, वाचक माझ्या लिंकवरून खोल्या आणि सहली बुक करतात आणि त्याच यादीचं दुसरं टोक माझ्या हातात आहे. नवीन लिहिणारे मला विचारतात, ‘सगळ्यात जास्त दर कुणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. छापलेला दर आणि हातात पडणारे पैसे यांच्या मधल्या पायऱ्या कशा मोजायच्या, ते सांगते. एकदा ते जमलं की कुठलाही प्रोग्राम, म्हणजे कंपनीची अशी कमिशन योजना, स्वतःच तपासता येतो.

पहिली पायरी: टक्के कशावर मोजतात

हॉटेलच्या कमिशनचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही टक्क्यांतच लिहिले जातात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एका प्रकारात तुम्हाला बुकिंगच्या एकूण किमतीवर टक्के मिळतात. दुसऱ्यात प्लॅटफॉर्मला हॉटेलकडून जे कमिशन मिळतं, त्यातला वाटा मिळतो. बुकिंग डॉट कॉमच्या जुन्या प्रोग्रामची रचना या दुसऱ्या प्रकारची होती. महिन्याला किती बुकिंग होतात त्यावर २५ ते ४० टक्के, पण ते त्यांच्या कमिशनचे.

आकडे घालून बघा. खोलीचं बिल २०० डॉलर आहे. हॉटेल प्लॅटफॉर्मला १५ टक्के देतं, म्हणजे ३० डॉलर. त्यातला ३० टक्के वाटा तुमचा असेल तर तुम्हाला ९ डॉलर मिळतील. शेजारचा प्रोग्राम एकूण किमतीवर ५ टक्के देतो म्हणाला, तर तिथे १० डॉलर होतात. जाहिरातीतला ‘३०’ हा आकडा ‘५’पेक्षा कमी पैसे देतो आहे. म्हणून प्रोग्रामच्या अटी उघडल्या की मी आधी दराकडे पाहतच नाही. रक्कम कशाला म्हटलं आहे, ती व्याख्या शोधते. कर वगळून का, स्वच्छता शुल्क वगळून का, कूपनची सूट वजा करून का? २०० डॉलरच्या बिलात २५ डॉलर कर असला आणि तो वगळायचा असला, तर ५ टक्के १७५ वर मोजले जातात आणि १० चे ८.७५ डॉलर होतात. एका बुकिंगला ही रक्कम किरकोळ वाटते, पण वर्षभराच्या बेरजेत दिसते.

पायऱ्यांचा दर असेल, म्हणजे जास्त बुकिंग झाली की जास्त टक्के, तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. वरच्या पायरीचा दर त्या महिन्याच्या सगळ्या बुकिंगना लागतो, की फक्त पायरी ओलांडल्यानंतरच्या? आणि पायरी मोजताना बुकिंग धरतात की प्रत्यक्ष पार पडलेला मुक्काम? या दोन प्रश्नांची उत्तरं अटींत नसतील तर लेखी विचारा.

विमानाच्या तिकिटात एवढं कमी का

तिकीट महाग, मग कमिशन भरघोस, असं वाटणं साहजिक आहे. पण विमान कंपन्यांनी विक्रेत्याला द्यायचं मूळ कमिशन फार पूर्वीच आवळलं. अमेरिकेत डेल्टाने १९९५ साली देशांतर्गत परतीच्या तिकिटावर ५० डॉलरची कमाल मर्यादा घातली, २००२ मध्ये मूळ कमिशन बंदच केलं, आणि इतर मोठ्या कंपन्या तिच्या मागोमाग गेल्या. विक्रेत्याच्याच हातात थोडं उरतं, तर त्यातून तुम्हाला किती येणार? विमानाच्या लिंक वाचकाची सोय म्हणून जरूर द्या. त्यावर कमाईचं गणित मात्र बांधू नका.

सहली आणि तिकिटं: माझा कल इकडे का आहे

संग्रहालयाचं प्रवेशपत्र, शहरातली पायी फेरी, दिवसभराची बोट अशा गोष्टी विकणाऱ्यांत गेटयुवरगाइड आणि व्हायाटर ही दोन मोठी नावं. दोघांचा अ‍ॅफिलिएट दर ८ टक्के असा प्रसिद्ध आहे आणि कुकीची, म्हणजे तुमच्या लिंकवरच्या क्लिकची ब्राउझरमध्ये राहणाऱ्या नोंदीची, मुदत साधारण महिन्याची, पहिल्याची ३१ दिवस, दुसऱ्याची ३०. हे ८ टक्के विक्रीच्या किमतीवर असतात. ६० डॉलरच्या फेरीवर ४.८० डॉलर मिळतात, म्हणजे हॉटेलच्या निम्मेच. तरीही छोट्या साइटला मी आधी हेच सुचवते.

माझं कारण हॉटेलच्या टेबलावरच्या अनुभवातून आलेलं आहे. मोफत रद्द करण्याची सोय असली की लोक एकाच तारखांसाठी दोन-तीन हॉटेलं धरून ठेवतात आणि शेवटी एक ठेवतात. बाकीची बुकिंग तुमच्या डॅशबोर्डवर, म्हणजे प्रोग्रामच्या कमाई दाखवणाऱ्या पानावर, हिरवी दिसतात आणि नंतर गळतात. सहलीचं तिकीट माणूस बहुधा निघायच्या जरा आधी किंवा तिथे पोहोचल्यावर घेतो. घेतलं की जातोच. शिवाय हॉटेलचे पैसे मुक्काम संपल्यावर, मग बिल जुळल्यावर, मग पुढच्या देयक फेरीत येतात. कुणी सहा महिन्यांनंतरचा मुक्काम आज ठरवला, तर तुमचं कमिशन आठ महिन्यांनीही आलेलं नसेल. सहलीत हे अंतर आपोआप कमी होतं.

आणि तुमचा मजकूर कुठला आहे तेही बघा. ‘त्या किल्ल्यावर कसं जायचं, रांग कशी टाळायची’ असं लिहिणाऱ्याच्या वाचकाला तिकीट हवं असतं, खोली त्याने आधीच घेतलेली असते. ‘कुठल्या भागात राहावं’ या लेखाचा वाचक खोली शोधत असतो, त्याला सहलीची लिंक दाखवून काही होत नाही. दर सारखा असूनही एक लिंक एका पानावर चालते आणि दुसऱ्या पानावर पडून राहते, त्याचं कारण हेच.

कुकीच्या मुदतीवर किती विश्वास ठेवावा

वाचकाने क्लिक केल्यापासून किती काळात केलेली खरेदी तुमच्या नावावर धरतात, ती कुकीची मुदत. अ‍ॅमेझॉनच्या प्रवासी बॅगांसारख्या वस्तूंना २४ तास, काही हॉटेल प्रोग्रामना फक्त तेच सत्र, म्हणजे ब्राउझर बंद केला की संपलं. भाड्याच्या गाड्यांत डिस्कव्हर कार्ससारखे ३६५ दिवस सांगणारेही आहेत. त्यांचा ७० टक्के हा आकडा पाहून दचकू नका. तो भाड्यावर मोजलेला नसतो, त्यांच्या नफ्यातला वाटा असतो. पुन्हा पहिलीच पायरी.

लांब मुदत कागदावर छान दिसते. पण अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० पासून तिऱ्हाईत कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कुणी ठेवलेल्या, सरसकट अडवल्या आहेत, आणि पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचं आयुष्य त्याआधीच, २०१९ मध्ये, सात दिवसांवर आणलं होतं. त्यात वाचक फोनवर तुमचा लेख वाचतो आणि रात्री लॅपटॉपवर बुकिंग करतो. किंवा लिंक दाबली की थेट कंपनीचं अ‍ॅप उघडतं आणि लिंकची ओळख तिथवर पोहोचतच नाही. प्रोग्रामच्या व्यवस्थापकाला सरळ तीन प्रश्न विचारा: अ‍ॅपमधली खरेदी मोजता का? मोजणी सर्व्हरवरून होते की फक्त ब्राउझरमधून? आणि शेवटच्या क्षणी वाचकाने कूपनच्या साइटवर क्लिक केलं तर कमिशन कुणाचं? बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकवाल्याचं असतं. म्हणजे चार तास खपून तुम्ही लेख लिहायचा आणि कूपनवाल्याने ते घेऊन जायचं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि कूपन साइटना वेगळा, कमी दर ठेवणाऱ्या प्रोग्रामना मी मुद्दाम झुकतं माप देते.

एकच आकडा काढा: दर क्लिकमागे किती

आता हे सगळं एका ओळीत आणायचं. प्रत्यक्ष खात्यात आलेले पैसे भागिले त्यासाठी झालेले क्लिक. डॅशबोर्डवरचं ‘प्रलंबित’ या बेरजेत धरायचं नाही.

समजा हॉटेलच्या लिंकवर ४०० क्लिक झाले, ६ बुकिंग झाली, त्यातली २ रद्द झाली, उरलेल्या चारांचे प्रत्येकी ९ डॉलर आले. ३६ भागिले ४००, म्हणजे क्लिकमागे ९ सेंट. सहलीच्या लिंकवरही ४०० क्लिक, १० तिकिटं टिकली, प्रत्येकी ४.८०. ४८ भागिले ४००, म्हणजे १२ सेंट. एका बुकिंगला निम्मे पैसे देणारा प्रोग्राम क्लिकमागे जास्त देतो आहे.

हा भागाकार करताना एक काळजी घ्या. मार्चमध्ये आलेले पैसे मार्चच्या क्लिकने भागू नका, कारण ते बहुधा आधीच्या क्लिकचे असतात. क्लिकचा महिना धरा आणि त्या महिन्यातल्या क्लिकमधून पुढे कधीही आलेले पैसे त्याच्याच समोर लिहा. हॉटेलसाठी हा हिशेब पक्का व्हायला निदान अर्धं वर्ष थांबावं लागतं. तेवढा धीर नसला तर चुकीचा प्रोग्राम बंद कराल.

हे जमायचं तर प्रत्येक लिंकला वेगळी खूण हवी. जवळजवळ सगळे प्रोग्राम लिंकच्या शेवटी सब-आयडी जोडू देतात. लेखाचं छोटं नाव आणि लिंकची जागा एवढं पुरे: वर, मध्ये, तक्त्यात. मग कळतं की लेखाच्या तळाशी सुबक सजवलेल्या खोक्यापेक्षा तिसऱ्या परिच्छेदातल्या साध्या वाक्यातली लिंक जास्त चालते आहे की नाही. खूण न लावता लिंक टाकू नका, नंतर मागे जाऊन ती माहिती मिळत नाही.

थेट की नेटवर्कमधून

अवीन, सीजे, ट्रॅव्हलपेआउट्स अशी मधली नेटवर्क अनेक प्रोग्राम एका खात्यात देतात. थेट गेल्यास दर कधी थोडा जास्त असतो आणि बोलायला माणूस मिळतो. पण प्रत्येक प्रोग्रामची किमान देय रक्कम, म्हणजे किती साठल्यावर पैसे पाठवतात ती मर्यादा, वेगळी असते. पाच ठिकाणी थोडेथोडे पैसे अडकून पडण्यापेक्षा नेटवर्कमध्ये ते एकत्र होऊन मर्यादा ओलांडतात. सुरुवातीला नेटवर्क, आणि एखाद्या प्रोग्राममधून नियमित पैसे यायला लागले की तो थेट, असा क्रम मी सांगते. चलन बदलण्याचा खर्च आणि पैसे पाठवण्याचं शुल्क कोण भरतो, हेही तेव्हाच पाहून घ्या.

स्वतःच्या लिंकवरून स्वतःचं बुकिंग बहुतेक ठिकाणी चालत नाही. कंपनीच्या नावावर शोध-जाहिरात लावायलाही मनाई असते. खातं बंद झालं की साठलेलं कमिशनही जातं, तेव्हा या दोन अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. लिंकमधून आपल्याला पैसे मिळतात हे वाचकाला लिंकच्या आधी, साध्या वाक्यात सांगा. तळटीपेत लपवू नका. लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूणही लावा, गूगलने ती २०१९ मध्ये याचसाठी आणली.

दर वाढवून मागताना

‘माझे इतके वाचक आहेत’ हे व्यवस्थापकाला हलवत नाही. त्याच्या बाजूला बसलेली मी सांगते, तिथे एकच गोष्ट बघतात: आलेला पाहुणा टिकतो का. म्हणून पत्रात लिहा की गेल्या सहा महिन्यांत माझ्याकडून इतके मुक्काम पूर्ण झाले, रद्द होण्याचं प्रमाण इतकं, सरासरी बिल इतकं, आणि या या लेखांतून. तुमचं रद्द होण्याचं प्रमाण कमी असेल तर तोच तुमचा हुकमाचा पत्ता. दर वाढवायला नकार आला तर कुकीची मुदत वाढवून मागा, किंवा किमान देय रक्कम कमी करून मागा. या गोष्टी व्यवस्थापकाच्या हातात अनेकदा असतात, दर नसतो.

प्रोग्राम बंद पडला तर

एअरबीएनबीने आपला अ‍ॅफिलिएट प्रोग्राम ३१ मार्च २०२१ ला बंद केला. ज्यांच्या शेकडो लेखांत त्या लिंक होत्या, त्यांना एकेक लेख उघडून बदल करावे लागले. म्हणून लिंक थेट लेखात चिकटवण्याऐवजी स्वतःच्या साइटवरच्या एका पत्त्यावरून पुढे पाठवा, म्हणजे बदल एकाच जागी करता येतो. काही प्रोग्राम, त्यात अ‍ॅमेझॉन, लिंक कुठे जाते हे झाकलेलं चालवून घेत नाहीत. तिथे लिंक उघडीच ठेवा आणि कुठल्या लेखात कुठली आहे याचा वेगळा तक्ता ठेवा: लेख, प्रोग्राम, सब-आयडी, शेवटी तपासल्याची तारीख. दर तीन महिन्यांनी तो तक्ता घेऊन बसा, प्रत्येक लिंक स्वतः दाबून बघा आणि अटींचं पान पुन्हा उघडून दर तोच आहे ना ते तारखेसमोर लिहा.